तीन तारांचे कूळ

विजेच्या व्यवहारात दिवा आधी आला आणि चाक नंतर आले, आणि तीन फेजांच्या पद्धतीचा जन्म समजून घ्यायचा असेल तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. दिव्याला दोन तारा पुरतात. एकीने प्रवाह यावा आणि दुसरीने परत जावा एवढीच त्याची गरज असते, आणि तो प्रवाह एकाच दिशेने वाहणारा असो की क्षणोक्षणी दिशा पालटणारा असो, तापलेल्या तंतूला त्याचे सोयरसुतक नसते. चाकाची गरज मात्र निराळी आहे, कारण त्याला थांबलेल्या स्थितीतून आपले आपण हलता आले पाहिजे, ठरावीक दिशेने फिरता आले पाहिजे आणि अंगावर ओझे पडल्यावरही धक्के न खाता फिरत राहता आले पाहिजे. ही कामे विजेकडून करून घेण्याच्या खटपटीतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत जी पद्धत सिद्ध झाली, तीच आज वऱ्हाडातल्या धामणगाव रेल्वे या गावाच्या जिनिंग कारखान्यांत, त्या तालुक्यातल्या विहिरींवरच्या मोटरींत आणि तिथल्या स्थानकावरून जाणाऱ्या रेल्वे इंजिनांच्या पोटात काम करते आहे.

धामणगावाला चाकाची गरज विजेच्या कितीतरी आधी पडली होती. मुंबईहून भुसावळ-बडनेऱ्यामार्गे नागपूरला जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, आणि अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेला, वर्धा नदीच्या अलीकडे, दत्तापूरला लागून असलेले हे स्थानक कापसाच्या व्यापाराचे नाके बनले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तिकडचा कापूस अडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळलेली होतीच. लोहमार्ग आल्यावर तो कापूस बंदरापर्यंत नेणे सोपे झाले, आणि लोहमार्गापासून सुमारे ४५ किलोमीटर आत असलेल्या यवतमाळच्या बाजूचा मालही बैलगाड्यांनी धामणगावाला उतरू लागला. परंतु शेतातून आलेला कापूस तसाच रेल्वेत भरणे परवडत नाही. आधी सरकी आणि रुई वेगळी करावी लागते, याला जिनिंग म्हणतात, आणि मग फुगलेली रुई प्रचंड दाबाने आवळून तिच्या गाठी बांधाव्या लागतात, याला प्रेसिंग म्हणतात. या दोन्ही कामांना माणसाच्या हातातला रेचा पुरेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडातल्या कापूसपेठांत स्थानकांच्या आसपास धुराड्यांचे जिन उभे राहिले.

त्या काळच्या जिनाची रचना पुढील कथेसाठी महत्त्वाची आहे. एका बाजूला बॉयलर आणि वाफेचे इंजिन असे, आणि त्या एकाच इंजिनाची शक्ती कारखान्याच्या लांबीभर बसवलेल्या एका लोखंडी दांड्याला, म्हणजे लाइनशाफ्टला, दिली जाई. या दांड्यावरच्या कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरत आणि ओळीने मांडलेले रेचे त्या पट्ट्यांनी फिरत. त्यामुळे एक रेचा चालवायचा असला तरी संपूर्ण शाफ्ट फिरवावा लागे, पट्टे घसरत, आणि शक्तीचा मोठा वाटा दांड्याच्या आणि पट्ट्यांच्या घर्षणातच खर्ची पडे. आणखी एक अडचण कापसाच्या धंद्याला विशेष भोवणारी होती. जिनात हवेत तरंगणारी रुईची कुसे यंत्रांवर साचतात आणि एखादी ठिणगीही तिथे आग लावायला पुरेशी असते. वाफेच्या इंजिनाला तर भट्टीवाचून गत्यंतरच नव्हते. प्रत्येक यंत्राला स्वतःची, न घसरणारी आणि ठिणगी न उडवणारी शक्ती हवी, ही गरज अशा कारखान्यांत स्पष्ट होत होती, आणि तिचे उत्तर युरोपात तयार होत होते.

न्यू यॉर्कमध्ये १८८२ साली थॉमस एडिसन यांनी सुरू केलेले वीजघर एकदिश प्रवाहाचे होते. अशा प्रवाहावर चालणारी मोटर तेव्हाही उपलब्ध होती, पण तिच्या फिरत्या भागाला प्रवाह पोचवण्यासाठी तांब्याच्या पट्ट्यांवर घासणारे ब्रश लागत आणि त्या घासण्यातून ठिणग्या उडत; शिवाय ही वीज कमी दाबानेच पाठवावी लागे, आणि दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तारा तापून वीज वाटेतच वाया जाते, म्हणून वीजघरापासून एखाद-दोन किलोमीटरच्या पलीकडे तिचा टिकाव लागत नसे. दिशा पालटणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाहाने ही दुसरी अडचण दूर केली. लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांनी त्याचा दाब हवा तसा वाढवता आणि उतरवता येतो. हे काम करणारे उपकरण म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ज्याला शासकीय मराठीत रोहित्र आणि खेड्यात डीपी म्हणतात. पण प्रत्यावर्ती प्रवाहाच्या एकाच जोडीवर आपले आपण फिरू लागणारी मोटर कोणाला जमेना. कारण उघड होते: अशा प्रवाहाचे चुंबकत्व एकाच रेषेत पुढे-मागे होते, ते फिरत नाही, थांबलेल्या चाकाला ते आलटून पालटून दोन्हींकडे ओढते आणि चाक जागच्या जागी थरथरते.

या कोंडीतून पहिली वाट इटलीतल्या तुरिन शहरातील प्राध्यापक गॅलिलिओ फेरारिस यांना दिसली. एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या दोन वेटोळ्यांना एकाच वारंवारतेचे, पण एक दुसऱ्याच्या मागून पाव आवर्तनाने येणारे, दोन प्रवाह दिले, तर दोघांच्या चुंबकत्वाची बेरीज स्थिर न राहता गोल फिरते, आणि त्या फिरत्या क्षेत्रात ठेवलेला तांब्याचा डबा तारेचा स्पर्शही नसताना फिरू लागतो, हे त्यांनी १८८५ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले आणि मार्च १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी १६ मे रोजी निकोला टेस्ला यांनी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे हाच विचार आपल्या पेटंटांच्या आधारे मांडला आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या कंपनीने ते हक्क घेतले. फेरारिस यांच्या लेखाचा शेवट मात्र निराशेचा होता. अशा मोटरीची कार्यक्षमता निम्म्याच्या वर जाऊच शकणार नाही, तेव्हा उद्योगात तिचा उपयोग नाही, असा निष्कर्ष त्यांनी गणिताने काढला होता.

तो लेख जर्मनीत एका तरुण अभियंत्याच्या वाचनात आला आणि त्यातली गफलत त्याच्या ध्यानात आली. मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की हे त्याचे नाव. सेंट पीटर्सबर्गजवळ १८६२ मध्ये जन्मलेल्या या तरुणाला राजकीय कारणांसाठी रीगा येथील शिक्षणसंस्थेतून काढून टाकण्यात आले होते आणि म्हणून तो डार्मस्टाट येथे शिकायला आला व पुढे बर्लिनच्या एईजी कंपनीत नोकरीला लागला. फेरारिस यांनी सर्वाधिक शक्ती मिळते त्या स्थितीचा हिशेब केला होता, आणि त्या स्थितीत फिरता भाग क्षेत्राच्या निम्म्या वेगानेच फिरतो, म्हणून निम्मी वीज उष्णतेत जाते. दोब्रोवोल्स्की यांनी विचार केला की फिरत्या भागाचा विद्युत विरोध अगदी कमी ठेवला, तर तो क्षेत्राच्या वेगाच्या थोडाच मागे राहून पूर्ण ओझे ओढील आणि नुकसान फार थोडे होईल. या विचारातून १८८९ मध्ये त्यांनी लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यात तांब्याच्या कांबी बसवून दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेला, पिंजऱ्यासारखा दिसणारा फिरता भाग तयार केला. या पिंजऱ्याला ना ब्रश, ना बाहेरून येणारी तार; म्हणून त्यात ठिणगी उडायला जागाच नाही, आणि बेअरिंगखेरीज झिजण्यासारखेही काही नाही. रुईच्या धुळीत चालणाऱ्या यंत्राला याहून योग्य मोटर आजवर सापडलेली नाही. लोकप्रसिद्धीत या सर्व शोधाचे श्रेय बहुधा एकट्या टेस्लांच्या पदरात टाकले जाते, आणि टेस्लांचे काम खरोखरच मोठे होते; पण वऱ्हाडातल्या जिनात आणि विहिरीत जी मोटर फिरते तिचा वंश शोधत गेले की तो दोब्रोवोल्स्कींच्या पिंजऱ्यापाशी पोचतो, हे सांगितले गेले पाहिजे.

फेज तीनच का, याचे उत्तरही त्यांच्याच कामात आहे. फेज म्हणजे आवर्तनातली पाळी: तीन फेजांच्या जनित्रात तीन वेटोळी वर्तुळाच्या एकतृतीयांश अंतरावर, म्हणजे १२० अंशांवर, बसवलेली असतात, त्यामुळे तिन्हींत सारखाच दाब निर्माण होतो, मात्र प्रत्येकाचा चढ आधीच्यापेक्षा एकतृतीयांश आवर्तन मागून येतो. भारतात सेकंदाला ५० आवर्तने होतात, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे आणि दोन फेजांमधले अंतर सुमारे पावणेसात मिलिसेकंदांचे पडते. एका उखळाभोवती तिघीजणींनी पाळीपाळीने मुसळ घातले की उखळ क्षणभरही रिकामे राहत नाही. तसे इथे एका फेजची शक्ती उतरत असताना दुसऱ्याची चढत असते आणि तिघांची मिळून होणारी बेरीज कुठल्याही क्षणी तेवढीच राहते. एकाच फेजवरची शक्ती मात्र सेकंदातून शंभर वेळा शून्यावर येते. दुसरा गुण हिशेबाचा आहे. तिन्ही फेजांवर सारखे ओझे असेल तर कुठल्याही क्षणी तिन्ही प्रवाहांची बेरीज शून्य भरते. म्हणजे एका तारेने गेलेला प्रवाह उरलेल्या दोन तारांनीच परत येतो, परतीची वेगळी तार लागत नाही, आणि तीन स्वतंत्र जोड्यांच्या सहा तारांचे काम तीन तारांत भागते. तेवढीच शक्ती, तारांमधला तेवढाच दाब आणि तेवढेच नुकसान धरले, तर एका जोडीला जितके तांबे लागते त्याच्या तीनचतुर्थांश तांब्यात तीन फेजांचे काम होते. फेरारिस आणि टेस्ला यांच्या दोन फेजांनीही चाक फिरते आणि शक्तीही स्थिर राहते, पण त्यांची बेरीज शून्य होत नाही, म्हणून चौथी तार किंवा जाड सामाईक तार लागतेच. चार, सहा, बारा फेजही करता येतात, पण तारा वाढतात आणि त्या मानाने लाभ वाढत नाही. फिरते क्षेत्र, स्थिर शक्ती आणि शून्य बेरीज या तिन्ही गोष्टी जिथे पहिल्यांदा एकत्र सापडतात ती संख्या तीन आहे.

हे सारे कागदावर पटणे वेगळे आणि गुंतवणूकदारांना पटणे वेगळे. ऑस्कर फॉन मिलर यांनी १८९१ मध्ये फ्रँकफर्ट येथे विद्युत प्रदर्शन भरवले, तेव्हा नेकार नदीकाठच्या लाउफेन गावातील जलशक्तीची वीज १७५ किलोमीटरवरच्या प्रदर्शनात आणून दाखवण्याचे ठरले. जनित्र स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कारखान्यातील चार्ल्स ब्राउन यांनी रचले, मोटर आणि रोहित्रांचे काम दोब्रोवोल्स्की यांच्याकडे होते, आणि सुमारे १५ हजार व्होल्टच्या दाबाने ऑगस्ट १८९१ मध्ये ही वीज फ्रँकफर्टला पोचली. तिथे तिने सुमारे हजार दिवे पेटवले आणि १०० अश्वशक्तीच्या मोटरीने पाणी उचलून एक कृत्रिम धबधबा वाहता ठेवला. दूरच्या पाण्याने जवळचे पाणी वर चढवले हे दृश्य लोकांना भावले; अभियंत्यांना त्याहून मोलाचा वाटला तो मोजणीचा निकाल, की लाउफेनच्या शक्तीपैकी सुमारे ७५ टक्के फ्रँकफर्टला मिळत होती. स्वीडनमध्ये योनास वेन्स्ट्रोम यांनी स्वतंत्रपणे तीन फेजांची यंत्रे सिद्ध केली होती आणि १८९३ मध्ये हेलशेन येथील वीज ग्रेंगेसबर्गच्या खाणीपर्यंत नेली गेली. नायगाराचे १८९५ चे पहिले मोठे वीजघर दोन फेजांवर बांधले गेले खरे, पण तिथून बफेलो शहराला वीज न्यायची वेळ आली तेव्हा चार्ल्स स्कॉट यांच्या जोडणीने दोनांचे तीन फेज करूनच ती पाठवण्यात आली.

भारतात तीन फेजांची पहिली मोठी वाहिनी म्हैसूर संस्थानात, कावेरीवरील शिवनसमुद्र ते कोलारच्या सोन्याच्या खाणी अशी, १९०२ मध्ये सुरू झाली आणि तिची लांबी १४७ किलोमीटरच्या आसपास होती. महाराष्ट्रात हे काम टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राने केले. लोणावळ्याच्या धरणांचे पाणी घाटाखाली उतरवून तयार केलेली वीज ८ फेब्रुवारी १९१५ पासून सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईला येऊ लागली आणि तिचे मुख्य गिऱ्हाईक होते ते कापडगिरण्या. म्हणजे वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांत सुताचे रूप घेत होता, तिथे तीन फेजांची मोटर त्या कापसाच्या गावाच्या कितीतरी आधी पोचली. विदर्भ त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, सह्याद्रीच्या पाण्याचा उतार त्याच्या वाट्याला नव्हता, आणि इथली वीज पुढे मुख्यतः कोळशावर उभी राहिली: नागपूरजवळचे खापरखेडा १९५१ च्या सुमारास, त्यानंतर १९६० च्या दशकात अकोला जिल्ह्यातले पारस, आणि पुढे कोराडी व चंद्रपूर. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले आणि मंडळाच्या खांबांबरोबर तीन तारा गावोगाव पोचू लागल्या. जिनांतले लाइनशाफ्ट हळूहळू उतरले आणि प्रत्येक रेच्याला स्वतःची मोटर मिळाली.

गावातल्या डीपीवर या पद्धतीचे सारे अंग एका ठिकाणी पाहायला मिळते. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टच्या तीनच तारा येतात आणि त्या रोहित्राच्या आतल्या तीन वेटोळ्यांना त्रिकोणात जोडलेल्या असतात, याला डेल्टा जोडणी म्हणतात. दुसऱ्या बाजूची तीन वेटोळी एका टोकाला एकत्र बांधलेली असतात, ही स्टार जोडणी, आणि त्या बांधलेल्या बिंदूतून चौथी तार निघते ती न्यूट्रल. कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्ट मिळतात आणि त्यावर घरचा दिवा-पंखा चालतो. कुठल्याही दोन फेजांमध्ये त्याच्या १.७३२ पट, म्हणजे ४०० व्होल्ट, मिळतात आणि त्यावर मोटर चालते. १.७३२ हे तीनाचे वर्गमूळ आहे, आणि ते दोन फेजांमधल्या १२० अंशांच्या अंतरातून येते. घराघरांचा भार तिन्ही फेजांवर सारखा वाटलेला असेल तर न्यूट्रलमधून फारसे काही वाहत नाही. पण न्यूट्रलच तुटली, तर कमी भाराच्या फेजवरच्या घरांत दाब भलताच चढतो आणि टीव्हीपासून बल्बपर्यंत सारे एका फटक्यात जळते. लाल, पिवळा, निळा हे वायरमनचे तीन रंग याच तीन पाळ्यांचे आहेत, आणि डीपी दुरुस्त करताना त्यांतल्या दोघांची अदलाबदल झाली की क्षेत्र उलटे फिरू लागते. मग शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच वेळी उलट्या फिरतात आणि पाणी नीट चढत नाही. उपाय तितकाच सोपा असतो: कुठल्याही दोन तारा पुन्हा बदलायच्या.

वऱ्हाडच्या शेतीत पाणी उपसण्याची परंपरा बैलांच्या मोटेची होती. तिच्या पाठोपाठ डिझेलचे इंजिन आले आणि मग पाच अश्वशक्तीची विजेची मोटर. मोटेचे आणि इंजिनाचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या हाती होते. मोटरीचे ते फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीच्या, हाती गेले. महाराष्ट्रातल्या विभागीय अनुशेषाच्या चर्चेत रस्ते आणि सिंचन यांच्याबरोबर कृषिपंपांचे ऊर्जीकरण हा विषय पुन्हा पुन्हा आला, आणि अमरावती विभागाचे नाव त्यात ठळकपणे येत राहिले. ज्यांना जोडणी मिळाली त्यांना ‘फेज जाणे’ हा नवा अनुभव मिळाला. तीनांपैकी एका तारेचा फ्यूज उडाला तर बंद असलेली मोटर सुरूच होत नाही, नुसती घुमते. पण चालू असलेली मोटर मात्र उरलेल्या दोन तारांवर ओढत राहते, त्या दोन तारांत पावणेदोन पटीच्या आसपास प्रवाह जातो आणि स्टार्टरने तिला वेळीच तोडले नाही तर वेटोळी जळतात. तालुक्याच्या गावी रिवायंडिंगची दुकाने बारमाही चालण्यामागे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण लांबलचक लघुदाब वाहिन्या; टोकाच्या विहिरीपर्यंत दाब इतका उतरतो की तेवढेच ओझे ओढायला मोटर अधिक प्रवाह घेते आणि तापते. एकदोन पंपांसाठी एक छोटे रोहित्र देणारी उच्चदाब वितरण प्रणाली महाराष्ट्रात २०१८ पासून राबवली गेली ती हेच नुकसान टाळण्यासाठी.

२००० नंतरच्या दशकात भारनियमन तीव्र झाले तेव्हा दिवा आणि चाक यांच्यातला मूळचा भेद धोरणाचा आधार बनला. ‘सिंगल फेजिंग’ नावाच्या व्यवस्थेत ठरावीक तासांना तिन्ही फेजांऐवजी एकाच फेजचा पुरवठा सुरू ठेवला जाई, म्हणजे गावातले दिवे जळत राहावेत पण पंप चालू नयेत. तांत्रिकदृष्ट्या ही युक्ती अचूक होती, कारण एका फेजमध्ये फिरते क्षेत्र नसते या १८८५ च्या ज्ञानावरच ती उभी होती. शेतकऱ्यांनी त्यावर कंडेन्सर जोडून एका फेजमधून मागेपुढे सरकलेले प्रवाह काढले आणि पंप फिरवले, म्हणजे फेरारिस यांच्या प्रयोगाचीच ती शिवारातली आवृत्ती होती. मात्र त्यात सारा भार एका फेजवर पडून वाहिनी आणि रोहित्र दोन्ही भरडली जात. पुढे गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करण्यात आले आणि शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज आठवड्याच्या पाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळू लागली. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी थंडीत, मध्यरात्री, विंचू-साप आणि रानडुकरांच्या वाटेने माणसाला शेतात जावे लागते, ही त्या पाळीची खरी किंमत आहे. वीजनिर्मितीच्या हिशेबात रात्रीचा भार सोयीचा असतो हे खरे असले, तरी ज्या पद्धतीने बैलाच्या मानेवरचे जू उतरवले तिने माणसाची झोप हिरावून घ्यावी हे न्याय्य म्हणता येणार नाही.

धामणगावच्या स्थानकावर या कुळाची वेगळी शाखा भेटते. भुसावळ ते नागपूर हा मार्ग १९९० च्या सुमारास विद्युतीकृत झाला आणि रुळांवर २५ हजार व्होल्टची एकच तार आली. परतीचा रस्ता रुळांतून. तीन फेजांची रेल्वे इटलीत १९०२ मध्ये काल्मान कांडो यांनी वाल्तेलिना मार्गावर चालवून दाखवली होती, पण तिला डोक्यावर दोन तारा लागत आणि रूळ ही तिसरी तार होई. सांध्यांवर आणि यार्डांत त्या दोन तारांना एकमेकींपासून दूर ठेवणे इतके जिकिरीचे होते की ती पद्धत टिकली नाही. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये फ्रान्सच्या अनुभवावरून २५ हजार व्होल्टची एकफेजी पद्धत स्वीकारली. रेल्वेचे उपकेंद्र राज्याच्या त्रिफेजी वाहिनीतून दोनच फेज उचलते आणि त्यामुळे भार असमान होतो. तो समतोल राहावा म्हणून पुढचे उपकेंद्र दुसरी जोडी उचलते, आणि दोन उपकेंद्रांच्या हद्दीत तारेचा एक निर्जीव तुकडा ठेवतात, त्याखालून इंजिन आपली वीज तोडून पार होते.

आरंभीच्या विद्युत इंजिनांत ही वीज एकदिश करून ब्रशवाल्या मोटरींना दिली जाई. १९९० च्या दशकाच्या मध्यास एबीबी कंपनीच्या तंत्राने डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही इंजिने आली आणि मग ती चित्तरंजनच्या कारखान्यात तयार होऊ लागली. या इंजिनात तारेवरची एकफेजी वीज आधी एकदिश केली जाते, मग अर्धवाहक स्विचांनी तिचे हव्या त्या वारंवारतेचे तीन फेज बनवले जातात आणि चाकांच्या आसांवरच्या पिंजऱ्याच्या मोटरी त्यावर फिरतात; वारंवारता चढवत नेली की गाडी वेग घेते, आणि उतरवली की मोटर जनित्र बनून वीज तारेत परत घालते. कांडो यांना जे डोक्यावरच्या दोन तारांनी साधायचे होते ते इंजिनाच्या पोटात साधले गेले. इथे वंशावळीचा एक धागा मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. लाउफेनचे जनित्र रचणारे चार्ल्स ब्राउन यांनी १८९१ मध्येच वॉल्टर बोवेरी यांच्याबरोबर ब्राउन बोवेरी ही कंपनी काढली. स्वीडनची आसेया कंपनी वेन्स्ट्रोम यांच्या शोधांवर वाढली. आणि १९८८ मध्ये या दोघी एकत्र येऊन एबीबी झाली. कोळशाच्या वाघिणी ओढत धामणगावातून जाणारे डब्ल्यूएजी-९ हे तीन फेजांच्या दोन मूळ घराण्यांचे थेट वारस आहे.

तीन फेजांची मर्यादाही याच भूमीवर दिसून आली. फार लांब अंतरावर तारांच्या स्वाभाविक विद्युत्-गुणांमुळे प्रत्यावर्ती प्रवाहाचे नियंत्रण अवघड होते, म्हणून चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरवरच्या पडघ्याला नेण्यासाठी १९९९ मध्ये ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी उभारण्यात आली. एडिसन यांच्या प्रवाहाने शंभर वर्षांनी असे पुनरागमन केले, पण त्या वाहिनीच्या दोन्ही टोकांना असतात ते तीनच फेज. देशाची उरलेली जाळी मात्र एकाच तालावर आली. रायचूर-सोलापूर वाहिनीने ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेची जाळी उर्वरित देशाशी जोडली, आणि तेव्हापासून पारसचे जनित्र, कोयनेचे जनित्र आणि तमिळनाडूतले जनित्र यांचे फेज एकमेकांना धरून चालतात. धामणगावच्या विहिरीतल्या मोटरीचे फिरते क्षेत्र या सर्वांच्या मिळून ठरलेल्या ५० आवर्तनांनी बांधलेले असते.

अलीकडे त्या बांधणीतून मोटर थोडी सुटू लागली आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू झाली; पहिलीत सौर प्रकल्पाची वीज उपकेंद्रावरून शेतीच्या फीडरला दिवसा दिली जाते, दुसरीत शेतकऱ्याच्या बांधावरच सौर पाट्या उभ्या राहतात. पाट्यांतून निघते ती एकदिश वीज, आणि पाच अश्वशक्तीची मोटर तिच्यावर थेट फिरू शकत नाही. म्हणून पाट्या आणि विहीर यांच्यामध्ये बसवलेला कंट्रोलर त्या विजेचे तीन फेज तयार करतो, आणि ज्या पंपांना बाजारात ‘डीसी’ म्हणतात त्यांच्यातही बहुधा तीन वेटोळी पाळीपाळीनेच चालवली जातात. सकाळी ऊन कोवळे असताना कंट्रोलर वारंवारता कमी ठेवतो, ऊन चढेल तशी ती वाढवतो, आणि ढगाखाली मोटर बंद न पडता संथ होते. अशा पंपाला रात्रीची पाळी नाही, आणि ज्यांच्या फीडरवर सौर प्रकल्पाची वीज आली त्यांनाही ती दिवसाच मिळते; ज्यांच्याकडे यांपैकी काहीच पोचलेले नाही त्यांचे थ्री-फेज अजून आठवड्याच्या तक्त्याप्रमाणे येते आणि जाते.